गुरुवारचे रस्ते

मराठी मध्यमवर्गीय घरात सायकलीचे कौतुक एका ठराविक वयापर्यंतच असते. तीनचाकीवर बसलेल्या नातवाचा फोटो दिवाणखान्यात लागतो. दोनचाकी शिकताना फुटलेल्या गुडघ्यांना हळद लागते आणि त्या गुडघ्यांच्या कथा पुढे लग्नकार्यात सांगितल्या जातात. पण तोच मुलगा सोळा वर्षांचा झाला आणि जेवता जेवता म्हणाला, "बाबा, मला सायकलच्या शर्यतीत उतरायचंय," की वडिलांचा घास हातातच राहतो. तो क्रिकेट म्हणाला असता तर एक वेळ चालले असते. बुद्धिबळ म्हणाला असता तर आजीने पेढे वाटले असते. सायकल? सायकल ही काय खेळण्याची वस्तू झाली? ती दूध आणायला, क्लासला जायला आणि फार तर डॉक्टरांनी सांगितले म्हणून पोट कमी करायला!

गंमत अशी की, हा हट्ट हल्ली ज्या गावच्या घराघरांतून ऐकू येतो, त्याच गावाने सायकलीला माळ्यावर चढवले. मी पिंपरी-चिंचवडबद्दल बोलतो आहे. १९५४ साली पिंपरीच्या माळावर पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ जन्माला आले, आणि पाहता पाहता ज्वारीच्या शेतांतून भोंगे वाजू लागले. त्या काळी पाळी सुटली की फाटकातून माणसे कमी आणि सायकली अधिक बाहेर पडत. काळ्या रंगाची, मागे कॅरिअरला डबा अडकवलेली ती सायकल म्हणजे कामगाराची निशाणी. पुढे आकुर्डीत स्कूटर बनू लागली, पिंपरीत मालमोटारी बनू लागल्या, आणि ज्यांनी त्या बनवल्या त्यांनीच हप्त्याने स्कूटर घेऊन सायकल भाच्याला देऊन टाकली. १९९९ मध्ये मोटारसायकलींचा मोठा कारखाना चाकणला गेला, २००९ च्या सुमारास जर्मन मोटारींचे कारखाने आले. ज्या चाकणचा भुईकोट फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाइस्तेखानासमोर पन्नासहून अधिक दिवस झुंजवला, त्या चाकणच्या चौकात आज खानाची फौज आली असती तर तिचा पहिला आठवडा सिग्नलपाशीच गेला असता.

आणि अशा ठिकाणी, पहाटे पाच-साडेपाचला, निगडीपासून देहूरोड-तळेगावच्या दिशेने किंवा मोशीकडून आळंदीच्या वाटेला, डोक्याला शिरस्त्राण बांधलेली, पाठीचे धनुष्य केलेली पोरे-पोरी सुळकन निघून जातात! मागच्या सायकलीचा लाल दिवा लुकलुकतो, तेवढाच काय तो पुरावा.

हे वेड अगदीच आकाशातून पडलेले नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत ही या मार्गाची जुनी मिरास. खोपोलीहून बोरघाट चढून जो पहिला खंडाळ्याला पोचेल तो "घाटाचा राजा". आपल्याकडे राजे पुष्कळ झाले, पण घामाने राजेपद मिळवण्याची इतकी सरळ सोय दुसरीकडे नसावी. पुण्याच्या कमलाकर झेंड्यांसारख्या सायकलपटूंची नावे अजून जुनी मंडळी आदराने घेतात. आता मुलींनीही हा घाट चढायला घेतला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेने खेलो इंडिया युवा स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली, तेव्हा ती शाळा-कॉलेजच्याच वयाची होती.

पण शर्यत म्हणजे जोरात पायडल मारणे, अशी आपली जी समजूत असते, ती साफ चुकीची. रस्त्यावरच्या शर्यतीत खरा शत्रू पुढचा स्वार नसतो, वारा असतो. वेग वाढला की हवा भिंतीसारखी समोर उभी राहते. जो सर्वांत पुढे असतो तो ही भिंत फोडतो. त्याच्या मागच्या चाकाला चिकटून, वीतभर अंतर ठेवून जो चालतो, त्याचे पाव ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात. म्हणून सगळे स्वार घोळक्याने धावतात. आमची पोरे त्याला "बंच" म्हणतात. मराठीचा मास्तर या नात्याने मी "घोळका", "जथा", "थवा" असे तीन शब्द सुचवून पाहिले. पोरांनी ते नम्रपणे ऐकून घेतले आणि पुन्हा "बंच"च म्हणू लागली. असो. तर या घोळक्यात पाळीपाळीने पुढे यायचे, थोडा वेळ वारा खायचा, मग बाजूला होऊन शेपटाला जायचे. बाजूने वारा सुटला तर सरळ रांग उपयोगाची नाही. तिरकी रांग धरावी लागते. कुणी अचानक ब्रेक दाबायचा नाही, कुणी वळवळायचे नाही. पुढे खड्डा दिसला तर हाताची खूण मागे सरकत सरकत शेवटपर्यंत पोचली पाहिजे. एकाचे चाक दुसऱ्याच्या चाकाला लागले की दहा-बाराजण एकमेकांवर कोसळलेच म्हणून समजा.

ही विद्या पुस्तकातून येत नाही. घरात यंत्रावर सायकल बांधून पाय मजबूत होतील, दम वाढेल. पण डाव्या खांद्याला एकाचा आणि उजव्या खांद्याला दुसऱ्याचा धक्का लागत असताना ताशी चाळीस किलोमीटर वेगाने वळण कसे घ्यावे, हे चार भिंतींत कळत नाही. त्याला रस्ता लागतो. तोही मोकळा, आणि समोरून ट्रक येणार नाही याची खात्री असलेला. सगळे घोडे इथेच अडते.

मोकळी जागा मिळाली की आपली पोरे काय करतात, याचा एक दाखला देतो. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत सायकलींची बंदिस्त लाकडी धावपट्टी बांधली गेली. तिथे ट्रक नाही, कुत्रे नाही, उलट दिशेने येणारी रिक्षा नाही. तिथे घासून तयार झालेल्या मुलांपैकी अंदमानच्या एसो अल्बेनने २०१८ साली ज्युनिअर जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला (ओडर नदीवरच्या, दुसऱ्या, मोठ्या फ्रँकफुर्टला नव्हे) आपल्या ज्युनिअर मुलांच्या संघाने सांघिक स्प्रिंटमध्ये चक्क सुवर्णपदक जिंकले. अंदमान, मणिपूर अशा ठिकाणांहून आलेली ती मुले. रक्तात सायकल असलेला युरोप बाजूला राहिला! धावपट्टीवर हे घडले. रस्त्यावरच्या शर्यतीत मात्र आपण अजून त्या पंगतीला बसलेलो नाही. मला यात कोडे असे काही वाटत नाही. पोहण्याचा तलाव नसलेल्या गावातून पोहणारा निघत नाही, एवढेच.

माझ्या वर्गात अकरावीला एक मुलगा आहे. त्याची आई मध्यंतरी मला भेटायला आली. वडील चाकणला एका कारखान्यात पाळीवर, आई शिवणकाम करते. खुर्चीच्या कडेवर बसून त्या म्हणाल्या, "सर, तुमचं ऐकतो तो. तुम्हीच त्याला समजावा."

"अभ्यासात मागे पडलाय का?" मी विचारले.

"अभ्यास करतो हो. पैशाचंही कसंतरी बघू. त्याच्या मामांनी निम्मे दिलेत." रस्त्यावरची शर्यतीची साधीशी सायकलही आज मोटारसायकलीच्या किमतीला भिडते, तेव्हा मामांचे मन मोठे म्हटले पाहिजे. "पण सर, पहाटे तो गेला की परत येईपर्यंत माझ्या हाताला काम लागत नाही. ॲम्ब्युलन्स वाजली की दारात जाऊन उभी राहते. हे कुठवर करायचं?"

शेजारणींप्रमाणे "खेळून काय मिळणार?" असे त्यांनी विचारले असते तर माझ्याजवळ उत्तरे तयार होती. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, वगैरे. "आता सुरू करून काय उपयोग?" असे विचारले असते तर मी बेल्जियमच्या रेम्को एव्हनेपूलचे नाव घेतले असते, तो सोळा-सतरा वर्षांचा होईपर्यंत फुटबॉल खेळत होता, २०१७ मध्ये सायकलीकडे वळला, २०१८ मध्ये ज्युनिअर जगज्जेता झाला आणि २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके जिंकली. पण त्या बाईंनी यातले काहीच विचारले नाही. त्यांनी ॲम्ब्युलन्सचे विचारले.

आणि ती भीती खोटी आहे असे कोण म्हणेल? मुंबई-पुणे शर्यत गाजवलेले अशोक खळे यांच्यासारखा मुरलेला सायकलपटू २०१७ च्या नोव्हेंबरात सायकलवर असताना वाहनाच्या धडकेने जखमी झाला आणि त्यातच गेला. ज्याचा सगळा जन्म रस्त्यावर गेला त्याला रस्त्याने सोडले नाही. मग सोळा वर्षांच्या पोराचे काय? बंद रस्त्यावरही धोका सरत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिचच्या जागतिक स्पर्धेत अठरा वर्षांची स्विस मुलगी म्युरिएल फुरर पावसात, झाडीतल्या उतारावर पडली. ती पडली आहे हे बराच वेळ कुणाला कळलेच नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती वारली. तिच्याच देशात, इतक्या बंदोबस्तात. हे मी त्या माउलीला सांगितले नाही. इथे सांगतो, कारण मोकळा रस्ता दिला की आपली जबाबदारी संपली, असे कुणी समजू नये. वळणावळणावर माणूस उभा लागतो, आणि गेले किती व आले किती, याची मोजदाद ठेवावी लागते.

जाता जाता ज्युनिअर म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. आंतरराष्ट्रीय नियमांत ज्या वर्षी सतरा किंवा अठरा पुरी होतात ती वर्षे ज्युनिअरची. म्हणजे आपल्याकडे नेमकी अकरावी-बारावीची! नियम करणाऱ्यांना आपल्या परीक्षा मंडळाशी काही वैर असावे. या मुलांच्या सायकलीला पूर्वी एक वेसण असे: सर्वांत जड गिअरमध्ये पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सात मीटर त्र्याण्णव सेंटिमीटरपेक्षा पुढे जाता कामा नये. जमिनीवर रेघा मारून, सायकल उलटी ढकलून हे तपासत. कोवळ्या गुडघ्यांवर भार पडू नये आणि पाय चपळ फिरावेत, हा त्यातला हेतू. २०२३ पासून ज्युनिअरांची ही वेसण काढली. माझे मत विचाराल तर सोळाच्या आतल्यांना ती असावीच. पण माझे मत सायकलवाले विचारत नाहीत.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याने एक नवल पाहिले. पुणे ग्रँड टूर नावाची पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय शर्यत इथे झाली. एकूण अंतर सुमारे ४३७ किलोमीटर, देशोदेशींचे स्वार. त्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले, खड्डे बुजले, वाहतूक वळवली गेली, आणि माणसे कठड्यांमागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. जे वर्षानुवर्षे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते पाहुण्यांसाठी पाच दिवस शक्य झाले. पाहुण्यांचा मान राखावा हे बरोबरच. पण पाहुण्यांसाठी काढलेली चांदीची भांडी ते गेल्यावर पुन्हा कपाटात गेली, की घरची पोरे पुन्हा जर्मनच्या ताटलीत!

"रस्ता अडवायचा म्हणजे लोकांची गैरसोय," असे कुणी म्हणेल. पण याच रस्त्यावरून दरवर्षी तुकोबांची पालखी जाते. देहूहून निघून पहिला मुक्काम आकुर्डीला. त्या दिवशी जुना मुंबई-पुणे रस्ता वारकऱ्यांचा असतो, आणि कारखानदार, पोलीस, मोटारवाले कुणी हूं की चूं करीत नाही. पालखीची आणि शर्यतीची बरोबरी मी करीत नाही. पण रस्ता कसा मोकळा करावा, कुठून वाहने वळवावीत, पाणी कुठे ठेवावे, हे या गावाला शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणण्याचे कारण नाही.

शिवाय रोज मागतो कोण? आठवड्यातून एक सकाळ, दोन-तीन तास, चार-पाच किलोमीटरचा एक वेढा. आणि ती सकाळ या पट्ट्यात आयतीच आहे. पुण्याच्या लोकांना हे ऐकून नवल वाटते, पण पिंपरी-भोसरीकडच्या कित्येक कारखान्यांना साप्ताहिक सुटी रविवारी नसते, गुरुवारी असते. ऐसपैस रुंद, काटकोनात आखलेले औद्योगिक वसाहतीचे ते रस्ते गुरुवारी पहाटे सुस्तावलेले असतात. दोन्ही टोकांना अडसर, वळणांवर चार स्वयंसेवक, एक रुग्णवाहिका आणि खड्डे बुजवण्यापुरते डांबर. एवढ्यावर काम भागेल. रविवारी सायकलफेऱ्या निघतात, नदी वाचवण्यासाठी हजारो लोक एकसारखे सदरे घालून येतात, त्यांचेही मला कौतुक आहे. पण फेरी निराळी आणि शर्यतीचा सराव निराळा.

अडचण एकच उरते, ती म्हणजे गुरुवारी कारखाने बंद असले तरी शाळा-कॉलेजे चालू असतात. त्या आईंना मी एवढेच सांगितले की, मुलाला एकटा पाठवू नका. तीन-चार मुले आणि मागे मोटारसायकलवर कुणीतरी मोठे माणूस असल्याखेरीज त्याने निघायचे नाही, आणि मोठ्या हमरस्त्यावर तर नाहीच. त्यांनी ते कबूल केले. आता वडील सुटीच्या गुरुवारी स्वतःच मागे असतात, असे कळते. अकरावीचा माझा तास गुरुवारी सकाळी पहिलाच असतो. त्या दिवशी हजेरी मी तास संपताना घेतो.