माहिती निवळून घ्या



पुण्याच्या दक्षिणेकडील कात्रज तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. तेथील तलावाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १७४९ च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळातून पुण्यातील हौदांपर्यंत नेण्यात आले. पंप नव्हता, पाणी केवळ उतारावरून वाहत असे. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे विहिरीसारखी तोंडे, ठेवलेली होती. तेथून आत डोकावून नळ तपासता येई आणि गाळ काढता येई.

ज्या कात्रजमधून शहराला पाणी जाई, त्याच परिसरात आज अभियांत्रिकी शिकणारी मुले संगणकाचे प्रोग्राम लिहितात. पावसाची मोजमापे, रुग्णालयातील नोंदी, शाळांचे निकाल अशी पुष्कळ माहिती आता संगणकात साठते. तिला डेटा किंवा विदा म्हणतात. तिच्यातून अर्थ काढण्याचे शास्त्र म्हणजे विदाविज्ञान.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली पायथन ही संगणकभाषा या कामात फार वापरली जाते. तिच्यात थोड्याशा आज्ञा लिहून सुंदर आलेख काढता येतो. तेवढ्यावर अनेकांना वाटते, ‘झाले, आपल्याला सारे आले!’ मला हे पटत नाही. आलेख काढणे म्हणजे नुसती तोटी सोडणे. खरे शिक्षण तोटीमागचा नळ बांधण्यात आहे.

२०२० मध्ये इंग्लंडमध्ये काय घडले पाहा. कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद सरकारी आकड्यांत वेळेवर आलीच नाही. जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ठरावीक ओळींपेक्षा जास्त नोंदी मावत नव्हत्या. उरलेल्या गळून पडल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्या लोकांना सावध करायला उशीर झाला. ‘आत किती नोंदी आल्या आणि पुढे किती गेल्या?’ एवढी साधी तपासणी प्रोग्राममध्ये असती, तर चूक लगेच ध्यानात आली असती. उच्छ्वास नसलेल्या नळाची हीच गत होते.

म्हणून पुढे हे शास्त्र शिकाल, तेव्हा चार सवयी लावून घ्या. मोठे काम लहान भागांत वाटा. प्रत्येक भागाची चाचणी लिहा. केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवा. त्यासाठी ‘गिट’ नावाचे साधन २००५ पासून उपलब्ध आहे. आणि आपण काय केले ते दुसऱ्याला समजेल असे लिहून ठेवा. या सवयींना वेळ लागतो, पण त्यांच्यावाचून काढलेल्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही.

तुम्ही म्हणाल, ‘आम्ही उर्दू शाळेतील मुले, हे आम्हांला कसे जमणार?’ मित्रांनो, ‘अल्गोरिदम’ हा शब्दच नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला आहे. शिवाय तुमच्याजवळ एक मोलाची गोष्ट आहे. एकच नाव कोणी ‘मोहम्मद’ लिहितो, कोणी ‘महंमद’, कोणी ‘मुहम्मद’. संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. शिष्यवृत्तीच्या यादीत असे झाले, तर हक्काच्या मुलाचे नाव गळू शकते. दोन लिप्या जाणणारा विद्यार्थी ही चूक चटकन ओळखतो. अशी माणसे या कामात हवीतच.

सुरुवातीला संगणकही लागत नाही. आपल्या वर्गातील मुलांची नावे उर्दू आणि मराठी लिपीत वहीत लिहा. एकच नाव किती प्रकारे लिहिले गेले, ते मोजा. मग ते ओळखण्याचा नियम क्रमाने लिहा आणि मित्राला तपासायला द्या. त्याने चूक दाखवली, तर रागावू नका. गाळ दिसला, म्हणजे तो काढता येतो.