विहिरीचा दोर

‘फ्लॅटमध्ये धर्म पाळता येत नाही.’ आमच्या बेळगावात हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय, आणि दरवेळी पुरुषाच्याच तोंडून.

कारणं खोटी नाहीत. मुनिमहाराजांच्या आहाराला विहिरीचं पाणी लागतं. ते गाळायचं आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत अलगद सोडायची. नळाची जिवाणी कुठे सोडणार? पडगाहनाला दार रस्त्यावर हवं, तिसऱ्या मजल्यावरून हाक कुणाला ऐकू जाणार? सगळं कबूल. म्हणूनच घर बिल्डरला द्यायला माझाही विरोध आहे.

पण बायांनो, त्या विहिरीचा दोर कुणाच्या हातात असतो? पहाटे उठून सोवळ्यात पाणी शेंदायचं, धान्य निवडायचं, चौका लावायचा, वर अंगण, परस, माडी झाडायची, ती आपण. गुडघे कुरकुरतात तेही आपलेच. ‘आज आमच्याकडे आहार झाला’ हे बस्तीत सांगायला मात्र घरधनी पुढे! उद्या एखादी सून म्हणाली, मला दोन खोल्यांचा फ्लॅट बरा, तर ती लगेच धर्मबुडवी. तिला नाव ठेवणाऱ्याने आधी दहा घागरी ओढून दाखवाव्यात.

गेल्या चातुर्मासात मी घरात सांगून टाकलं, यंदा पाणी पुरुषांनी शेंदायचं. चार दिवस शेंदलं. पाचव्या दिवशी ह्यांनी फ्लॅटचा विषय स्वतःहून काढला.