गाड्या भंगारात काढण्याआधी चेंबर उघडा!

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण पैसा आपल्या घरपट्टीचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्या नगरपरिषदेच्या आवारात मागच्या भिंतीला लागून गाड्या उभ्या आहेत. घंटागाडीचे छोटे हत्ती, पाणीपुरवठ्याची जीप आणि एक रुग्णवाहिका. टायरभोवती गवत वाढलंय. कागदावर त्यांच्यापुढे एकच शब्द लिहिलाय, ‘नादुरुस्त’. आता म्हणे त्या लिलावात काढायच्या आणि नव्या घ्यायच्या. नव्या आल्या की हार, नारळ, हिरवा झेंडा, फोटो. होऊ दे, हौसेला मोल नसतं. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. जुन्या कशानं मेल्या?

‘जुन्या झाल्या’ हे उत्तर चालणार नाही. सरकारी गाडी किती वर्षं वापरायची हे केंद्रानंच ठरवून दिलंय. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी पुढे वाढत नाही, ती भंगारात द्यावी लागते. म्हणजे कायदासुद्धा गाडीला १५ वर्षं देतो. आपल्याकडे पाचव्या-सहाव्या वर्षीच इंजिन बसतं. मधली नऊ-दहा वर्षं कुणी खाल्ली?

कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा. यातल्या एखाद्या गाडीचं ऑइल भरायचं झाकण काढा आणि आत बोट फिरवा. काळं, घट्ट, ग्रीससारखं काहीतरी बोटाला लागेल. तो गाळ. आपल्या गाड्यांचा खरा मारेकरी तोच आहे. आणि तो काही आभाळातून पडत नाही, ऑइल न बदलल्यानं तयार होतो.

कसा होतो, ते साध्या शब्दांत सांगतो. इंजिनातलं ऑइल नुसतं वंगण नसतं. ते गरम भाग थंड करतं आणि आतली घाण स्वतःत धरून ठेवतं. डिझेल इंजिनात काजळी तयार होते, ती पिस्टनच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरते. थोडं न जळलेलं डिझेलही उतरतं. इंजिन पुरतं तापत नसेल तर वाफेचं पाणी साचतं. चांगल्या ऑइलमधली रसायनं हे सगळं तरंगत ठेवतात, कुठे बसू देत नाहीत. म्हणूनच डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर चार दिवसांत काळं दिसतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ऑइल आपलं काम करतंय.

पण त्याच्या पोटाला मर्यादा आहे. ती संपली की काजळी, पाणी आणि जळून जुनं झालेलं ऑइल यांची खीर होते. आधी ग्रीससारखी, मग डांबरासारखी. ती टॅपेट कव्हरखाली बसते, ऑइल खाली परतायच्या भोकांत बसते, चेंबरच्या तळाशी बसते. चेंबरमध्ये ऑइल पंपाच्या तोंडाला एक जाळी असते. ती जाळी बुजली की खेळ संपला. पट्टीवर पातळी बरोबर दिसते, पण ऑइल वर पोचतच नाही. टॅपेट वाजायला लागतात, टर्बो कोरडा पडतो, बेअरिंग खरवडतं. डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि आपल्याकडे त्यावर उत्तर काय? ‘सेन्सर गेलाय, चालव!’

आता घंटागाडीकडे या. ही गाडी दिवसभर काय करते? दहा पावलं पुढे, थांब. इंजिन चालू, गाणं चालू, गाडी उभी. मीटरवर किलोमीटर पडतच नाहीत. मग कार्यालयातून उत्तर येतं, ‘अजून दहा हजार कुठे झालेत? ऑइल कशाला बदलायचं?’ साहेब, इंजिनाला रस्ता दिसत नाही, त्याला तास कळतात. एक तास जागेवर चालू राहिलेलं इंजिन तीस-चाळीस किलोमीटर पळाल्यासारखं धरावं लागतं. रोज चार तास अशी उभी राहिली तर महिन्याकाठी मीटरवर न दिसणारे तीन-चार हजार किलोमीटर झाले! हे आपल्या गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. ट्रॅक्टरला तास मोजायचा मीटर असतो, आणि साधारण अडीचशे तास झाले की ऑइल बदलायचं हे शाळा न पाहिलेला माणूसही पाळतो. कारण ट्रॅक्टर त्याचा स्वतःचा असतो. घंटागाडी कुणाची? सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही.

आता यावर दोन सोपे उपाय पुढे येतायत. एक, नवी गाडी घ्या. दुसरा, ‘फ्लश मारून घेऊ’. या दुसऱ्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तोही पैसे वाया घालवायचाच रस्ता आहे.

फ्लश म्हणजे एक बाटली. जुन्या ऑइलमध्ये ओतायची, बाटलीवर लिहिलेली मिनिटं इंजिन जागेवर चालवायचं, मग सगळं काढून टाकायचं. इंजिनात हलका थर असेल तर ठीक, फार बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं साचलेल्या गाळात ही बाटली ओतणं म्हणजे तुंबलेल्या गटारात वरून पाण्याचा टँकर सोडणं. गाळाचे गोळे सुटतात आणि थेट त्या जाळीवर जाऊन बसतात. गाडी आत चालत गेलेली असते, बाहेर येताना ढकलत आणावी लागते. मग म्हणायचं, ‘बघा, गाडीत दमच नव्हता.’ काही ठिकाणी तर बाटलीही नको म्हणून चेंबरमध्ये डिझेल नाहीतर रॉकेल ओतून इंजिन चालू करतात. डिझेल-रॉकेलला वंगणाचा गुण कितीसा? बेअरिंगला जी पातळ ऑइलची चादर लागते ती तिथेच फाटते. रॉकेलनं धुवायचे असतात ते सुटे काढलेले भाग. चालतं इंजिन रॉकेलवर धुवायचं नसतं.

मग बरोबर काय? यात जादू काहीच नाही, हात काळे करायची तयारी लागते.

आधी इंजिनाला साधा गेज लावून ऑइलचा दाब बघा. मनुअलमध्ये दिलेल्या आकड्याच्या खूप खाली असेल किंवा आतून ठोकल्याचा आवाज येत असेल, तर बेअरिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल, तर त्यात कूलंटचं पाणी मिसळत असण्याची शक्यता मोठी. तिथे आधी गॅस्केट बघा. बाकी गाड्यांचं जुनं ऑइल गरम असताना काढा. चेंबर खाली उतरवा. गाळ हातानं खरवडून काढा, जाळी सोडवून धुवा. वरचं टॅपेट कव्हर उघडा, तिथला गाळ काढताना ऑइल उतरायची भोकं कापडानं झाका, नाहीतर वरची घाण पुन्हा खाली. ब्रीदरचा पाइप साफ करा, तो बुजला की आतली वाफ बाहेर जात नाही आणि गाळ दुप्पट वेगानं होतो. नवं गॅस्केट, नवा फिल्टर, कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर ग्रेड चुकवायचीच नाही, सायलेन्सरच्या वाटेवरची काजळीची गाळणी त्यानं खराब होते. मग पाचशे-हजार किलोमीटर चालवून पुन्हा ऑइल आणि फिल्टर. असं दोन-तीन वेळा. उरलेला गाळ नवं ऑइल हळूहळू स्वतः ओढून घेतं. वर्षानुवर्षांचं दुखणं आहे, एका दुपारी जाणार नाही.

सगळ्या गाड्या वाचतील असं मी म्हणत नाही. काहींची बेअरिंग गेली असतील, त्यांना इंजिन काम लागेल, एखादी खरंच भंगार असेल. पण हे चेंबर उघडल्यावर कळतं, मिटिंगमध्ये हात वर करून नाही!

पैशाचा हिशेब बघा. जीपच्या ऑइल आणि फिल्टरला ढोबळमानानं साडेतीन-चार हजार. चेंबर उतरवून साफसफाई, मजुरी धरून आणखी काही हजार. इंजिन काम निघालं तर लाखाच्या आसपास. नवी गाडी घ्या, आठ-दहा लाख कुठे गेले कळत नाही. ‘निधी नाही’ हे उत्तर चार हजारांसाठी येतं आणि दहा लाखांसाठी येत नाही, हे गणित मला कुणी समजावून सांगेल का? की चार हजारांच्या कामात फोटो निघत नाही, हाच खरा अडथळा आहे?

आणि कृपा करून ड्रायव्हरवर ढकलू नका. तो ठेकेदाराकडचा माणूस, पगार वेळेवर मिळाला तरी नशीब. फिल्टर विकत घ्यायचा अधिकार त्याला नाही. लाल दिवा लागला म्हणून गाडी उभी केली तर वॉर्डातून फोन, ‘आज गाडी का नाही आली?’ चालवली आणि बंद पडली तर नोटीस त्यालाच. ज्यांच्या हातात सही आहे त्यांनी जबाबदारी घ्यावी.

नोंदीचं महत्त्व किती, याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००२ साली टोयोटासारख्या कंपनीला तिथल्या सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी गाळानं झालेल्या नुकसानीची खास योजना जाहीर करावी लागली. १९९७ ते २००२ ची मॉडेलं. कंपनी म्हणे मालकांनी ऑइल वेळेवर बदललं नाही, मालक म्हणत आम्ही बदललं. अशा भांडणात सगळ्यात जास्त किंमत येते ती ऑइल बदलल्याच्या पावतीला. उद्या आपल्या गाड्यांबद्दल गाडीच्या कंपनीशी भांडायची वेळ आली, तर नगरपरिषद कुठली पावती दाखवणार? आणि पावती असेल, बिल निघालं असेल, पण ऑइल मात्र तेच जुनं असेल, तर तो प्रश्न त्याहून मोठा आहे.

आणखी एक. काढलेलं काळं ऑइल जातं कुठे? वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा होण्याची जबाबदारी टाकली आहे. ओढ्याच्या पुलाखाली पाण्यावर रंगीत साय दिसते ती कशाची, हे ज्यानं त्यानं स्वतः जाऊन बघावं. गावाला स्वच्छतेचे धडे देणाऱ्या गाडीचं ऑइल गटारात जाता कामा नये.

तर मागण्या स्पष्ट सांगतो.

१. एकाही गाडीचा लिलाव, तिचं चेंबर उघडून लेखी तपासणी अहवाल आल्याशिवाय होऊ नये.
२. प्रत्येक गाडीला एक वही. ऑइल कधी बदललं, किती लिटर, कुठली ग्रेड, फिल्टर नंबर, कुणाची सही. वही गाडीत, तिची प्रत कार्यालयाबाहेर फलकावर.
३. घंटागाडीचं ऑइल किलोमीटरवर नको, तासांवर बदला. तासांचा मीटर बसवायला फार खर्च येत नाही.
४. लाल दिवा लागला की गाडी जागेवर थांबवायचा अधिकार ड्रायव्हरला लेखी द्या.
५. नव्या गाडीच्या ठरावातच तिच्या पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद दाखवा. नसेल तर ठराव मंजूर करू नका.

मुख्याधिकारी साहेब आणि नगरसेवक मंडळी, यातली एकही मागणी अवघड नाही. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहेच. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्द, ३० दिवसांची मुदत. मागायचं एवढंच: ‘अमुक नंबरच्या गाडीची गेल्या तीन वर्षांतली ऑइल बदलल्याची नोंद आणि बिलं.’ प्रत्येक वॉर्डातून एकानं एका गाडीचा अर्ज टाकला तरी सगळा ताफा उजेडात येईल. अर्जाचा नमुना मी तयार करून ठेवलाय, ज्याला हवा त्यानं मागा.

आणि रुग्णवाहिका त्या भिंतीला उभी आहे हे विसरू नका. घंटागाडी चार दिवस आली नाही तर कचरा साचतो. रुग्णवाहिका रात्री दोन वाजता चालू झाली नाही, तर जे होतं त्याचं बिल कुठल्याच वहीत लिहिता येत नाही.