ना घरचा, ना घाटचा

'धोबी का कुत्ता, न घर का न घाट का' ही म्हण तुम्ही घरी अनेकदा ऐकली असेल. मराठी माणूसही ती सर्रास वापरतो. ज्याला कोठेच थारा नाही अशा माणसाविषयी बोलताना ही म्हण आपल्या तोंडी येते. त्या वेळी म्हणीतल्या कुत्र्याचा विचार कोणी करत नाही. आज आपण त्या कुत्र्याचाच विचार करू या. कारण तो म्हणीतून बाहेर पडून आपल्या गल्लीत, बाजारात आणि हमरस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला आहे.

रस्त्यावर दिसणारी सगळी कुत्री सारखी नसतात. काही कुत्री त्या मोहल्ल्यातच जन्मलेली असतात. खाटकाचे दुकान कधी उघडते, हॉटेलवाला शिळे अन्न कोठे टाकतो, कोणत्या गाडीपासून दूर राहायचे, हे सारे त्यांना ठाऊक असते. त्यांचे जीवन कष्टाचे असले, तरी ते त्यांच्या ओळखीचे असते. दुसरा प्रकार आहे घरातून टाकून दिलेल्या कुत्र्यांचा. गळ्यात पट्टा असतो, पण पट्टा धरणारा हात नसतो. वेळेवर ताटलीत अन्न मिळण्याची सवय असल्यामुळे अन्न शोधणे त्यांना जमत नाही. वाहनांचा अंदाज येत नाही. मोहल्ल्यातली कुत्री त्यांना आपल्या हद्दीत उभे राहू देत नाहीत. कोणी जवळून गेले, की आपला मालकच आला असे वाटून ती मागे धावतात आणि दगड खातात. खरोखर, ना घरचा ना घाटचा तो हाच!

अशी वेळ या प्राण्यावर का येते? बहुतेक वेळा सुरुवात हौसेतून होते. मुलाच्या वाढदिवसाला पिल्लू आणले जाते. पिल्लू लहान असते तोवर सगळे त्याला उचलून घेतात. सहा महिन्यांत ते वाढते, चपला कुरतडते, रात्री भुंकते. शेजारी तक्रार करतात, घरमालक कुरकुरतो, वडिलांची बदली होते. कधी कुत्रे आजारी पडते, कधी म्हातारे होते. मग एके दिवशी त्याला गाडीत बसवून दूर नेतात आणि सोडून देतात. फॅशनचाही यात वाटा आहे. २००३ साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचे चपट्या नाकाचे कुत्रे दिसले आणि त्या जातीची मागणी एकदम वाढली. चपट्या नाकामुळे या कुत्र्यांना उन्हाळ्यात श्वास घेणे जड जाते, हे विकत घेणाऱ्या किती जणांनी विचारले असेल? २०२० साली कोरोनाच्या साथीत, कुत्र्यांमुळे रोग पसरतो अशी खोटी अफवा उठली. तेवढ्यावरून काही लोकांनी आपले पाळीव प्राणी रस्त्यावर सोडले.

मराठीत कुत्र्याला 'इमानी प्राणी' म्हणतात. इमान हा शब्द तुम्हांला नवीन नाही. तो अरबीतून आला आणि उर्दूप्रमाणे मराठीतही रुळला. आता तुम्हीच सांगा, खाल्ल्या अन्नाला जागणाऱ्या या प्राण्याला जो मालक सडकेवर टाकून जातो, त्याला काय म्हणावे? त्यासाठीही मराठीने तुमच्याच ओळखीचा शब्द घेतला आहे : बेइमान.

असे करणे कायद्यानेही गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. पाळलेला प्राणी उपाशी किंवा तहानलेला राहील अशा रीतीने विनाकारण सोडून देणे, हा त्या कायद्यात अपराध मानला आहे. पण त्यात पहिल्या अपराधाला दंड लिहिला गेला तो दहा ते पन्नास रुपये! एवढ्याशा दंडाला कोण भिणार? १९७६ साली आपल्या राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. सजीव प्राण्यांविषयी दया बाळगणे, हे त्यांतले एक कर्तव्य आहे. कर्तव्याची जाणीव मात्र दंडाने येत नाही. ती घरातून आणि शाळेतून यावी लागते.

हा विषय वर्गात निघाला, की एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, आपल्या घरात कुत्रा ठेवत नाहीत. मग आपण काय करणार?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. कुत्र्याची लाळ नापाक मानतात, भांड्याला ती लागली तर ते धुण्याचे नियम आहेत आणि हौसेखातर घरात कुत्रा ठेवणे आपल्याकडे पसंत केले जात नाही. शेती, गुरे, राखण आणि शिकार यांसाठी कुत्रा ठेवण्याची मोकळीक आहे. घरात काय ठेवायचे आणि काय नाही, हे तुमचे वडीलधारे ठरवतील. त्यांच्याशी वाद घाला, असे मी सांगणार नाही. पण कुत्रा घरात न ठेवणे वेगळे आणि त्याच्या दुःखाकडे पाठ फिरवणे वेगळे. या दोन गोष्टींची गल्लत आपण करतो.

बुखारी आणि मुस्लिम या हदीससंग्रहांतली एक हकिकत तुम्हांला माहीत असेल. एक माणूस वाटेने जाताना तहानेने व्याकूळ झाला. एक विहीर दिसली, तेव्हा त्याने खाली उतरून पाणी प्यायले. वर आला तो एक कुत्रा तहानेने धापा टाकत ओली माती चाटताना दिसला. मघाशी आपली जी अवस्था होती तीच याची आहे, हे त्याने ओळखले. तो पुन्हा विहिरीत उतरला, आपल्या चामडी मोज्यात पाणी भरले, मोजा दातांत धरून वर आला आणि कुत्र्याला पाणी पाजले. त्या एका कृत्यासाठी अल्लाहने त्याला क्षमा केली, असे हजरत पैगंबरांनी सांगितले. आता या माणसाकडे नीट पाहा. त्याने कुत्रा घरी नेला नाही, पाळला नाही. त्याला जे करता येण्याजोगे होते, ते मात्र त्याने पुरे केले. कुरआन शरीफमधील असहाबे कहफची कथाही आठवा. त्या गुहेच्या दाराशी पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख तेथे आवर्जून आला आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही हीच शिकवण आहे. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा मराठी घरांत आजही सांगितली जाते. भाकरी कोरडी खाऊ नये, एवढीच त्यांची काळजी होती! विहिरीतला तो मुसाफिर आणि हे नामदेव यांच्यात भाषेचे, देशाचे अंतर पुष्कळ आहे. दयेच्या बाबतीत ते शेजारी आहेत.

मुंबईचा इतिहासही या बाबतीत वाचण्यासारखा आहे. १८३२ साली इंग्रज सरकारने शहरातली भटकी कुत्री मारण्याचा हुकूम अमलात आणला, तेव्हा पारशी समाज चिडून रस्त्यावर उतरला आणि बाजार बंद पडला. पुढे १८८३ साली दिनशॉ माणेकजी पेटिट या पारशी गृहस्थांच्या दातृत्वाने परळ येथे जनावरांचे रुग्णालय सुरू झाले. त्याला त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव देण्यात आले. तिकडे लंडनमध्ये १८६० साली मेरी टिल्बी नावाच्या बाईंनी हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी एक तात्पुरते घर उघडले. माणसे उपाशी असताना कुत्र्यांचे कसले कौतुक, म्हणून त्यांची थट्टा झाली. ती संस्था १८७१ साली बॅटरसी भागात गेली आणि आजही कुत्र्यांना नवी घरे मिळवून देत आहे.

याच्या उलट उदाहरण इस्तंबूलचे आहे. त्या शहरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या गल्लीतल्या कुत्र्यांना अन्नपाणी देत आले होते. १९१० साली तेथल्या अधिकाऱ्यांनी हजारो कुत्री पकडून एका ओसाड बेटावर नेऊन सोडली. बेटावर प्यायला पाणी नव्हते. कुत्री तहानेने आणि भुकेने तडफडून मेली. नजरेआड केले म्हणजे प्रश्न सुटला, असे मानण्याचा हा परिणाम होता.

यावर कोणी म्हणेल, "सर, कुत्री चावतात, त्याचे काय?" हे म्हणणे अगदी खरे आहे. रेबीज हा भयंकर रोग आहे. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते आणि माणसाला तो बहुतेक वेळा कुत्र्यामुळेच होतो. म्हणून अनोळखी, जखमी किंवा पिल्लांजवळ बसलेल्या कुत्र्याला हात लावू नका. कुत्रा चावला किंवा त्याचा ओरखडा लागला, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद, चुना किंवा मिरची लावत बसू नका. पण दगड मारल्याने रेबीज जात नाही. तो लसीकरणाने जातो. निर्बीजीकरण केले, तर कुत्र्यांची संख्याही आटोक्यात राहते. आणि घर मिळालेल्या कुत्र्याला लस टोचली जाते, हे विसरू नका. एका कुत्र्याला घर मिळवून देणारा माणूस गल्लीतल्या मुलांचेही रक्षण करतो.

२०२५ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने आदेश देताना दत्तक घेण्याची वाटही दाखवली. ज्याला भटका कुत्रा दत्तक हवा असेल त्याने नगरपालिकेकडे अर्ज करावा, पण तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याची, असे न्यायालयाने म्हटले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश झाला. हलवायचे म्हटले, की ठेवायचे कोठे हा प्रश्न आलाच. अशा वेळी एकेका घराचे मोल वाढते.

दत्तक देणे म्हणजे समोर येईल त्याच्या हाती दोरी देऊन मोकळे होणे नव्हे. ते लग्न जुळवण्यासारखे काम आहे! कुत्रा सापडला, तर तो हरवलेला आहे काय, हे आधी शोधावे. मग जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून लस द्यावी. कोणीतरी त्याला काही आठवडे सांभाळावे. त्या दिवसांत त्याचा स्वभाव कळतो. तो मुलांत रमतो की घाबरतो, एकटा राहिला तर रडतो काय, हे समजते. नवा मालक आला, की त्याला विचारावे : घरातल्या सर्वांची संमती आहे ना? घरमालकाची हरकत नाही ना? गावाला गेल्यावर याला कोण पाहील? डॉक्टरचा खर्च झेपेल काय? कुत्रा साधारण दहा ते पंधरा वर्षे जगतो. आज तुम्ही आठवीत असाल, तर तुमचे शिक्षण संपून नोकरी लागेपर्यंत तो घरात असेल, एवढी लांब ही जबाबदारी आहे. कुत्र्याचा दोषही लपवू नये. खोड लपवून दिलेला कुत्रा महिन्याभरात पुन्हा रस्त्यावर येतो. आणि उत्तरे पटली नाहीत, तर नम्रपणे नकार द्यावा.

माझे आणखी एक मत आहे. ज्याला कुत्रा पाळायचाच आहे त्याने तो विकत घेण्याआधी गावठी कुत्र्याचा विचार करावा. तो आपल्या हवेत वाढलेला असतो. कमी कौतुकात राहतो आणि राखण चोख करतो. पिल्लांना घरे चटकन मिळतात. वयस्क, लंगडा किंवा आजारातून उठलेला कुत्रा मागे राहतो. खरी गरज मात्र त्यालाच अधिक असते.

आता, ज्यांच्या घरी कुत्रा येणार नाही अशा तुमच्यासारख्या मुलामुलींनी काय करावे? पुष्कळ काही. उन्हाळ्यात दाराबाहेर मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. गल्लीत पट्टा बांधलेला, गोंधळलेला कुत्रा दिसला, तर घरातल्या मोठ्या माणसाला सांगा. तुम्हांला उर्दू येते, मराठीही येते. मग 'कुत्रा सापडला आहे', 'घर हवे आहे' अशी सूचना दोन्ही भाषांत सुंदर अक्षरात लिहा आणि वडिलांना विचारून दुकानाच्या फळीवर लावा. दोन भाषा येणाऱ्याची सूचना दोन मोहल्ल्यांत वाचली जाते! एखादा शेजारी कुत्रा सोडून देण्याच्या बेतात असेल, तर अदबीने म्हणा, "चाचा, एक महिना थांबा. आम्ही त्याच्यासाठी घर शोधतो." शेतात राखणीला कुत्रा हवा असणारा एखादा नातेवाईक तुमच्या ओळखीत असेलच. त्याला तेव्हाच निरोप पाठवा.

मित्रांनो, घर देणे प्रत्येकाला जमणार नाही. घर शोधून देणे पुष्कळांना जमेल. पुढच्या वेळी कोणी 'न घर का न घाट का' असे म्हणाले, तर क्षणभर थांबा आणि आपल्या गल्लीत असा कोणी आहे काय, ते पाहून या.