ओटी भरली, गोळी फडताळात

सुनेचे डोहाळे पुरविताना आपली कुटुंबे हात आखडता घेत नाहीत. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. २०१५-१६मध्ये हे प्रमाण ५०.४ टक्के होते. शासन लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या १८० दिवसांसाठी विनामूल्य देते. तितके दिवस त्या घेतलेल्या माता अवघ्या २६ टक्के. मळमळते, बाळ काळे होते (हा शोध कोणाचा, कोण जाणे!) म्हणून गोळ्या फडताळातच राहतात. घेतलीच तर चहाबरोबर. मग लोह अंगी लागावे कसे? ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, कॅल्शियमची वेगळ्या वेळी, हे सासूला आणि मुलालाही ठाऊक हवे. सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला पालेभाजी किती उरते, हा प्रश्न तर शासनाच्या अखत्यारीतलाच नाही.