गुडघेदुखी आणि गांजाचे तेल

मागील आठवड्यात दुपारच्या वेळी एक वृद्ध शेतकरी आमच्या ओसरीवर आले. भीमपूरच्या कापसात त्यांची उभी हयात गेली. आता दोन पायऱ्या चढणेही जड जाते, आणि मिस्सेत गुडघे टेकता येत नाहीत ह्याची त्यांस मोठी खंत आहे. सोबत सून होती. तिने पिशवीतून एक लहानशी बाटली काढून आमच्यापुढे ठेवली. पुण्यास नोकरीला असलेल्या नातवाने ती पाठविली होती. “फादर, हे गांजाचं तेल आहे म्हणतात. मामंजींना देऊ का? पाप तर नाही ना लागणार? पोलीस धरतील का? आणि गुण येईल का?” एका दमात तिने सारे विचारून टाकले. म्हातारबा मात्र खाली मान घालून बसले होते, जणू दुखणे हाच त्यांचा अपराध.

असे प्रश्न आणखीही घरांत असतील असे वाटल्यावरून आज ह्या जागी त्यांविषयीच लिहीत आहोत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. वेदना निमूटपणे सोसली म्हणजेच क्रूस वाहिला, औषध मागितले की श्रद्धा कमी पडली, अशी समजूत आमच्या जुन्या पिढीत खोल रुजलेली आहे. परंतु २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलशास्त्राच्या डॉक्टरांपुढे बोलताना पोप बारावे पायस यांनी ह्याविषयी स्पष्ट सांगितले होते. वेदना टाळण्यासाठी औषध घेणे धर्मास धरून आहे. सोसण्याची कोणावर सक्ती नाही. मरणोन्मुख रुग्णास, दुसरा उपाय नसेल तर, गुंगी आणणारे औषधही देता येते, असे ते म्हणाले. तेव्हा म्हातारबांनी मान खाली घालण्याचे काहीच कारण नव्हते, आणि ते आम्ही त्यांस तेथल्या तेथे सांगितले.

पोलिसांची गोष्ट मात्र आपल्या भागात हसण्यावारी नेण्याजोगी नाही. आदिलाबाद जिल्ह्यात कापसाच्या नाही तर तुरीच्या ओळींत लपवून गांजा लावल्याची प्रकरणे वारंवार उघडकीस येतात, आणि त्यांत बहुधा गरीब शेतकरीच सापडतो. माल नेणारा पैनगंगेपलीकडे केव्हाच निसटलेला असतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय गांजाचे झाड लावणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाडे दोन की दोनशे, हा भेद त्या कलमात नाही. २०२१ साली तर तेलंगण सरकारने गांजा पिकविणाऱ्यांचे रयतुबंधूचे पैसेही बंद करण्याचे जाहीर केले होते. “घरच्या औषधापुरते एक झाड” असे म्हणणाऱ्या एका गृहस्थास आम्ही ओळखतो. त्यांनी हे वाचावे, एवढ्यासाठीच इतके सविस्तर लिहिले.

मग ही बाटली बाजारात येते कशी? त्याच कायद्याने गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यापुरती केलेली आहे. शेंड्यावेगळी पाने व बी त्यांतून वगळली आहेत. पानांस आयुर्वेदात विजया म्हणतात, आणि विजयेची औषधे आयुर्वेदीय परवान्यावर तयार होतात. परंतु औषधांच्या नियमांत भांगेची गणना विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि अशा औषधावर “वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे” अशी सूचना छापावी लागते. आमच्यासमोरच्या बाटलीवर ती सूचना होती, अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत. नातवाने वैद्यास न विचारता संगणकावर नुसते बोट दाबून ती मागविली होती.

आता गुण येण्याविषयी. गांजाने दुखणे शमते ही गोष्ट नवी नाही. कलकत्त्यास ओशॉनेसी नावाच्या आयरिश डॉक्टराने १८३९ साली सांधेदुखीच्या व धनुर्वाताच्या रोग्यांवर गांजाचे प्रयोग करून त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि त्यावरून हे औषध युरोपास ठाऊक झाले. (पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारले तेही ह्याच गृहस्थाने. माणसे तरी किती उद्योगी असत!) परंतु झाडात आहे काय, हे कळण्यास आणखी शंभर वर्षे लागली. १९४० साली त्यातून कॅनाबिडिऑल हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९६३ साली इस्राएलमधील राफाएल मेशुलाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी नशा आणणारे दुसरे द्रव्य, टीएचसी, शोधून काढले. कॅनाबिडिऑल नशा आणीत नाही. नातवाने आजोबांसाठी जे मागविले ते हेच, असे त्यास वाटत होते. हिंदुस्थानात नशेसाठी पिकणाऱ्या गांजात टीएचसीच भरपूर असते. म्हणून घरी शेंडे तेलात उकळणाऱ्यास गुडघ्याचे औषध मिळत नाही, डोके मात्र फिरते.

ह्या द्रव्याचा एक उपयोग सिद्ध झालेला आहे. मुलांच्या काही दुर्धर फेफऱ्यांवर अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ साली त्यास मान्यता दिली. परंतु गुडघा म्हणजे फेफरे नव्हे. व्हिएन्ना येथील डॉक्टरांनी गुडघ्याची झीज होऊन दुखणाऱ्या ८६ रुग्णांवर ह्याचीच कसोटी घेतली व २०२३ साली निष्कर्ष छापला. सर्वांस पॅरासिटामॉल चालू होते. निम्म्यांस त्याच्या जोडीला रोज ६०० मिलिग्रॅम कॅनाबिडिऑल व निम्म्यांस तसेच दिसणारे पोकळ औषध आठ आठवडे दिले. दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक पडला नाही. खऱ्या औषधाच्या गटात यकृताच्या तपासण्या मात्र अधिक बिघडल्या. इंग्लंडच्या ‘नाइस’ ह्या संस्थेने २०१९ सालीच डॉक्टरांस सांगितले होते की, प्रौढांच्या जुनाट दुखण्यावर कॅनाबिडिऑल प्रयोगाबाहेर देऊ नये.

आमच्यापुढील बाटलीवर “विजया अर्क १५०० मिलिग्रॅम” असे लिहिले होते. त्यात कॅनाबिडिऑल किती व टीएचसी किती, ह्याचा उल्लेख कोठेच नव्हता. सगळी बाटली कॅनाबिडिऑलनेच भरलेली मानली तरी व्हिएन्नाच्या मात्रेने ती अडीच दिवसांत संपेल. आणि त्या मात्रेनेही तेथे गुण आला नव्हता. अमेरिकेत अशा ८४ बाटल्या तपासून २०१७ साली जो निकाल छापला, त्यात लिहिल्याप्रमाणे माल फक्त २६ बाटल्यांत निघाला, आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडले.

किंमत विचारली तेव्हा सुनेने सांगितली ती ऐकून आम्ही गप्प झालो. कापूस वेचण्याची कित्येक दिवसांची मजुरी होती ती.

म्हातारबांस रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे, हे बोलता बोलता निघाले. हाच मुद्दा आम्हांस सर्वांत गंभीर वाटला. वॉरफरिनसारख्या गोळीचा जोर कॅनाबिडिऑलने वाढू शकतो आणि शरीरात रक्तस्राव होण्याचा धोका उद्भवतो. पुण्याच्या नातवास हे ठाऊक नव्हते, कारण त्यास कोणी विचारले नाही व त्याने कोणास विचारले नाही. प्रेमाने पाठविलेली वस्तू होती. त्यास आम्ही दोष देत नाही.

तरीही “ही बाटली घेऊ नका” एवढे सांगून दुखणाऱ्या माणसास परत पाठविणे आम्हांस पटले नाही. कारण बाटली आली ती आधीचे उपाय थकले म्हणून. चौकशी करता कळले की, गावात येणाऱ्या आरएमपीकडून दर पंधरवड्यास सुई टोचून घेणे, हाच उपाय चालू होता. अशा वेदनाशामक सुया वारंवार घेतल्याने पोटात व्रण पडतात व मूत्रपिंडे जायबंदी होतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका दुप्पट. संधिवाताच्या कित्येक बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवस माणूस पळू लागतो, पुढे साखर वाढते व हाडे ठिसूळ होतात. गुडघ्यास लाभणारे उपाय ह्याहून साधे आहेत. खाटेवर बसून पाय सरळ उचलून धरण्याचा व्यायाम रोज नेमाने करावा. उकिडवे बसणे सोडावे. शौचास खुर्चीचा आधार घ्यावा. वजन असल्यास उतरवावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. आमच्याकडे बहुतेक जण उलटीच धरतात. ह्या व्यायामास सहा आठवडे तरी द्यावे लागतात, आणि सुई सहा तासांत गुण दाखविते. माणूस सुईकडे का वळतो, हे आम्ही समजू शकतो.

कर्करोगाच्या वेदनेची गोष्ट निराळी. तेथे मॉर्फिनची गोळी हे खरे औषध आहे, आणि ते मान्यताप्राप्त रुग्णालयांस सुलभपणे मिळावे म्हणून २०१४ साली कायदाही बदलला. अशा रुग्णाच्या घरच्यांनी तेलाच्या बाटलीवर दिवस घालवू नयेत. जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन ‘वेदनाशामक उपचार’ हे शब्द वापरून विचारावे.

निघताना सुनेने बाटली टाकून देऊ का, असे विचारले. आम्ही नको म्हटले. येत्या मंगळवारी ती दोघे आदिलाबादेस डॉक्टरांकडे जाणार आहेत. चालू गोळ्यांची पाकिटे आणि ही बाटली एकाच पिशवीत घालून त्यांच्यापुढे रिकामी करावी, असे ठरले. म्हातारबांनी ओसरीची पायरी उतरताना काठी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, आणि दोनदा मागे वळून बरोबर धरली का, म्हणून आमच्याकडे पाहिले.