बापाचा ग्लव्ह
अमेरिकेत बेसबॉलचा नवा ग्लव्ह पहिल्याच दिवशी हाताशी जमत नाही. चामडं ताठ असतं. त्याला तेल चोळायचं, खोबणीत चेंडू ठेवून दोरीने आवळायचं, रात्री गादीखाली दाबायचं. हे पोरं बहुतेकदा बापाकडून शिकतात. अंगठा आणि तर्जनीमध्ये चामड्याच्या वाद्यांची जाळी विणण्याची कल्पना सेंट लुईसच्या बिल डोक या पिचरची, १९२० च्या सुमाराची. झेल घ्यायची खोली ग्लव्हला तिनेच दिली. वादी तुटली तर नवी ओवतात, ग्लव्ह टाकत नाहीत; मग बापाचा जुना ग्लव्ह कधी मुलाच्या हाती येतो. मला सर्वांत हलवून जातो तो त्याचा आतला भाग, बापाच्या बोटांनी आणि घामाने घडलेला. मुलगा त्यात हात घालतो तेव्हा बोटं सैल पडतात, आणि अंगणाच्या पलीकडून बाप जरा हळूच चेंडू टाकतो.